रविवार, सायकल आणि बाग: पुण्यातल्या एका निवांत दिवसाचा इतिहास



तुळशीबागेत बाग शोधायला गेलात तर काय सापडेल? कानातले, क्लिपा, कुकरच्या रिंगा आणि घासाघीस. रमणबागेत शाळा सापडेल, बेलबागेत देऊळ, माणिकबागेत सोसायट्या आणि हिराबागेत सिग्नलला उभ्या असलेल्या गाड्या. पुण्याच्या नकाशावर बागा भरपूर आहेत, पण त्यातल्या बऱ्याचशा आता फक्त नावात उरल्यात. आणि याच पुण्याला आपले आई-बाबा, आजी-आजोबा ‘सायकलींचं शहर’ म्हणायचे. ते बिरुदही तसंच, आठवणीत उरलेलं.

तर आजचा एपिसोड या दोन गोष्टींवर आहे, सायकली आणि बागा. हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही चौघांनी, म्हणजे मी, दोन मित्र आणि एक मैत्रीण, ठरवलं की आज घाई करायची नाही. स्ट्रावावर सरासरी वेग बघायचा नाही. विद्यापीठातून निघायचं, मग बंडगार्डन, एम्प्रेस गार्डन, सारसबाग आणि संध्याकाळी सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान. सगळं मिळून साधारण पंचवीस किलोमीटर. मधे चहा, मधे भेळ, मधे गवतावर आडवं पडणं. पण मला इतिहासाचा नाद असल्यामुळे प्रत्येक बागेच्या फाटकाशी मी एकच प्रश्न विचारत होतो: ही बाग नेमकी कोणासाठी केली होती? मित्र वैतागले, पण उत्तरं भारी मिळाली.

आणि उत्तरं शोधताना लक्षात आलं की असा निवांत दिवस तीन गोष्टींवर उभा असतो. एक, सुट्टी पाहिजे. दोन, परवडेल असं वाहन पाहिजे. तीन, तिकडे गेल्यावर कोणी हाकलणार नाही अशी जागा पाहिजे. यातली एकही गोष्ट आपोआप आलेली नाही. चला, पहिल्यापासून बघू.

रविवार कुठून आला?

आपल्याला वाटतं रविवार कॅलेंडरमध्ये छापूनच येतो, लाल रंगात. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला १८८० च्या दशकात आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. गिरणी बंद राहायची ती सणावारी, नाहीतर यंत्र साफ करायला. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि रोजची हीच गोष्ट.

हे बदलायला उभा राहिला नारायण मेघाजी लोखंडे नावाचा माणूस. जन्म १८४८, ठाण्याचा. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक. त्यांनी १८८४ मध्ये मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या, सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातली पहिली मोठी मागणी कुठली होती? आठवड्यातून एक दिवस सुट्टी. पगारवाढीच्याही आधी!

सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत जवळपास दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि त्या सभेत दोन कामगार बायकांनीही भाषणं केली. १८९० साली, हे लक्षात घ्या. शेवटी १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच मागितला असंही सांगितलं जातं.

म्हणजे इंग्रजांना चर्चला जायचं होतं म्हणून आपल्याला रविवार मिळाला, हा व्हॉट्सॅपवरचा समज अर्धवट आहे. सरकारी कचेऱ्यांचं ठीक आहे, पण कारखान्यातला रविवार भांडून मिळवलाय. आणि तो मिळवणारा माणूस मराठी होता, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकलं जातं.

लाटसाहेबांची बाग

आमची सुरुवात झाली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून. सकाळचे सव्वासहा, धुकं, मोठमोठे वड आणि आमच्यासारखेच पन्नासेक सायकलवाले, झालंच तर पळणारे आणि कुत्री फिरवणारे.

ती मुख्य इमारत, जिच्यासमोर सगळे फोटो काढतात, ती मुळात ‘गव्हर्नमेंट हाउस’. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचं पावसाळी घर. गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या काळात, १८६४ मध्ये काम सुरू झालं आणि खर्च एवढा वाढला की लंडनमध्येही त्यावर टीका झाली. भोवती बाग, हिरवळ, झाडांच्या रांगा. तिथे पार्ट्या व्हायच्या आणि त्या पार्ट्यांना आपल्यातल्या फारच मोजक्या लोकांना बोलावणं असायचं.

त्यातली एक पार्टी इतिहासात नोंदली गेली. २२ जून १८९७, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा समारंभ. पुणं तेव्हा प्लेगने आणि प्लेगच्या नावाखाली चाललेल्या घरझडत्यांनी पिचलेलं होतं. रात्री समारंभातून परत जाताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. बरोबरचा आयर्स्ट जागीच गेला, रँड काही दिवसांनी, ३ जुलैला. आपण ज्या रस्त्यावर रोज मेट्रोच्या खांबांखाली अडकतो ना, तोच हा रस्ता.

या परिसरातली आणखी एक जागा कमी लोकांना माहीत आहे: गणेशखिंड उद्यान. १८७३ मध्ये वनस्पतिशास्त्रीय बाग म्हणून सुरू झालेलं. जॉर्ज मार्शल वुड्रो नावाचा अधीक्षक इथे होता, त्याने भारतातल्या बागकामावर जाडजूड पुस्तक लिहिलं. ही बाग म्हणजे त्या काळची लॅबच. कुठलं झाड इथे जगतं, कुठल्या कलमाला चांगलं फळ येतं, याचे प्रयोग. २०२० मध्ये या उद्यानाला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

लाटसाहेब गेले, १९४९ मध्ये तिथे पुणे विद्यापीठ आलं आणि २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाईंचं नाव लागलं. ज्या हिरवळीवर जायला निमंत्रण लागायचं, तिथे आता एमपीएससीची पोरं डबा खात अभ्यास करतात. माझ्या मते या जागेच्या इतिहासातलं हे सगळ्यात छान पान आहे.

सैनिकांची बाग, राणीची बाग

संगम पुलावरून आम्ही बंडगार्डनला गेलो. बागेचं नाव आज महात्मा गांधी उद्यान, पण ते रिक्षावाल्याला सांगून बघा. बंड म्हणजे बंधारा. मुळा-मुठा नदीवर १८५० च्या सुमारास जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून बंधारा बांधला गेला, लोकांना पाणी मिळावं म्हणून. हे तेच, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचे आणि जे. जे. कलाशाळेचे जमशेटजी. बंधाऱ्यामुळे पाणी अडलं, पाण्याच्या कडेला बाग आली, बागेत कॅम्पातले साहेबलोक संध्याकाळी फिरायला आणि बँड ऐकायला येऊ लागले. शेजारचा दगडी फिट्झगेराल्ड पूल १८६७ चा. त्याच्या टोकाला सिंहांचे पुतळे आहेत, सायकल टेकवून नक्की बघा.

इथे एक पॅटर्न दिसायला लागतो. पुण्यातली प्रत्येक बाग आधी पाण्याची गोष्ट आहे आणि मग झाडांची. पाणी आलं कुठून हे शोधा, बागेचा इतिहास निम्मा कळतो.

तिथून कोरेगाव पार्क, घोरपडी करत एम्प्रेस गार्डन. या बागेचं आधीचं नाव ‘सोल्जर्स गार्डन’. लष्करातल्या गोऱ्या सैनिकांना मोकळा वेळ घालवायला जागा हवी, म्हणून. १८७७ मध्ये व्हिक्टोरियाने ‘भारताची सम्राज्ञी’ असा किताब मिरवायला सुरुवात केली आणि बागेलाही सम्राज्ञीचं नाव लागलं. आज ती ॲग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही जुनी संस्था सांभाळते आणि जानेवारीत तिथे पुष्पप्रदर्शन भरतं. आतली झाडं एवढी जुनी आणि उंच की भर दुपारी बारा वाजता आम्हाला जॅकेट घालावंसं वाटलं.

तिथेच आम्ही डबे उघडले. आणि तिथेच आमच्यातल्या एकाचा फोन वाजला. ऑफिसचा. सर्व्हरवर काहीतरी पडलं होतं, तो ऑन-कॉल नव्हता, पण ‘फक्त पाच मिनिटं’ हवा होता. पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप होताच. रविवारी फिरायला निघालेला माणूस बॅगेत लॅपटॉप घेऊन निघतो, हेच मला आधी खटकलं. पाच मिनिटांची चाळीस मिनिटं झाली. सैनिकांच्या विरंगुळ्यासाठी लावलेल्या झाडाखाली बसून तो हॉटस्पॉटवरून लॉग बघत होता.

मी काही बोललो नाही, कारण आम्ही चौघंही हेच करतो. पण डोक्यात लोखंडे फिरत होते. त्यांच्या कामगाराला निदान भोंगा होता. भोंगा झाला की काम सुटलं, हे सगळ्यांना ऐकू यायचं. आपला भोंगा खिशात आहे आणि तो फक्त काम सुरू झाल्याचं सांगतो, संपल्याचं कधीच सांगत नाही.

फिरायला आणि पोचायला

आता सायकल. आज जी सायकल आपण चालवतो, तशी दोन सारख्या चाकांची आणि चेनची, ती जॉन केम्प स्टार्ली याने इंग्लंडमध्ये १८८५ ला आणली. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचं टायर काढलं आणि पार्श्वभागांची सोय झाली. आपल्याकडे सायकली आल्या त्या आधी साहेबांच्या, मग वकील-डॉक्टरांच्या. सायकल परदेशातून यायची, महाग असायची. सर्वसामान्यांच्या हाती ती आली स्वातंत्र्याच्या आगेमागे, देशात कारखाने निघाल्यावर. मुंबईत हिंद सायकल, १९४९ ला मद्रासजवळ टीआय, १९५१ ला सोनिपतला ॲटलस, १९५६ ला लुधियानात हिरो.

पुणं यासाठी जणू बनवलेलंच होतं. पेठा एकमेकींना चिकटून, रस्ते अरुंद, चढ-उतार बेताचे, हवा बरी. विद्यार्थी सायकलवर, मास्तर सायकलवर, दूधवाला, पोस्टमन, कारकून सगळे सायकलवर. पेठेपेठेत भाड्याने सायकली देणारी दुकानं. तासावर, अर्ध्या तासावर सायकल मिळायची. पाय पोचत नसलेली पोरं दांडीखालून पाय घालून हाफ पेडल मारत शिकायची. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसेल तर पोलीस धरायचा, डबलसीट दिसलं तर चाकातली हवा सोडायचा.

आमच्या मैत्रिणीची आजी हुजूरपागेत शिकली. १८८४ मध्ये सुरू झालेली ती मुलींची शाळा. आजी भाड्याच्या लेडीज सायकलवर शिकली, पुढे कॉलेजला सायकलनेच गेली. तिचं म्हणणं असं की, कॉलेजात काय शिकले ते विसरले, पण घरातून कोणाला न विचारता कोपऱ्यापर्यंत जाता येतं हे सायकलने शिकवलं. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बाई म्हणून इरावती कर्व्यांचं नाव घेतलं जातं. त्यांच्यावर लिहिलं गेलं. पण त्यांच्या आगेमागे हजारो मुली सायकलवरून शाळा-कॉलेजात गेल्या, त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही.

आणि आता काकांची गोष्ट. आमच्यातल्या दुसऱ्या मित्राचे वडील खडकीला राहायचे आणि पिंपरीच्या एका कारखान्यात कामाला होते. सकाळची सातची पाळी, सायकलवर. पावसात डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद. या ट्रिपच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे हवा भरायचा पंप आणायला गेलो होतो. त्यांनी आमच्या सायकली बघितल्या, हेल्मेट बघितलं, पॅड लावलेल्या चड्ड्यांची किंमत विचारली. मग म्हणाले, “बाळांनो, तुम्ही फिरायला सायकल चालवता. आम्ही पोचायला चालवायचो.”

दिवसभर हे वाक्य माझ्या मागे होतं. कारण त्यात सगळा इतिहास आहे. काकांना सायकलचं कौतुक नाही, प्रेम मात्र आहे. त्यांनी १९८६ मध्ये लुना घेतली, तेव्हा घरात पेढे वाटले गेले. लुना पुण्याच्याच कायनेटिकची, १९७२ पासूनची. आकुर्डीला बजाजचा कारखाना. बजाजने आधी इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवल्या, १९७२ पासून चेतक. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. ज्या माणसाने पंधरा वर्षं उन्हातान्हात पायडल मारलं, त्याला ‘सायकल किती छान, पर्यावरणाला चांगली’ हे सांगायचा हक्क आपल्याला नाही. त्याच्यासाठी स्कूटर म्हणजे मोकळा श्वास होता.

पण हेही खरं की नुसतं फिरायला सायकल चालवणं हे काही इन्स्टाग्रामचं खूळ नाही. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलवरून जगाची फेरी मारायला निघाले. त्यातले तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, मार्च १९२८ मध्ये फेरी पूर्ण करून परत आले. सुमारे ७० हजार किलोमीटर. वाळवंट, ॲमेझॉनचं जंगल, सगळं. नकाशे अर्धवट, फोन नाही. आणि मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, तीही परंपरा जुनी आहे. फरक एवढाच की तेव्हा हौसेच्या सायकलीबरोबर कामाच्या सायकलीही रस्त्यावर होत्या.

तळ्यातली बाग

दुपारी उतरत्या उन्हात पुलगेट, स्वारगेट करत सारसबागेत पोचलो. आता इथे एक गंमत ऐका. आपण जिथे हिरवळीवर बसतो, तिथे तळं होतं. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर आंबिल ओढ्याचं पाणी अडवून पर्वतीच्या पायथ्याशी ते करवलं. मधे बेट, आणि त्या बेटावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात गणपतीचं देऊळ झालं. म्हणून तो ‘तळ्यातला गणपती’. आज आपण पायऱ्या चढून देवळात जातो, तेव्हा होडीतून जात.

असं सांगतात की पेशवे महत्त्वाची खलबतं या तळ्यात नावेत बसून करत, आणि वल्हवायला मराठी न समजणारे हबशी नावाडी ठेवत. म्हणजे किनाऱ्यावरच्याला ऐकू येत नाही आणि नावेतल्याला कळत नाही. अठराव्या शतकातलं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन!

पुढे तळं आटवलं गेलं आणि १९६० च्या दशकात महापालिकेने तिथे सारसबाग केली. शेजारी १९५३ पासून पेशवे पार्कचं प्राणिसंग्रहालय होतंच, आणि त्यातली फुलराणी. वाघ-सिंह १९९९ मध्ये कात्रजला गेले, फुलराणी राहिली. ही बाग मला बाकीच्यांपेक्षा वेगळी वाटते, कारण ती लाटसाहेबासाठी नव्हती, सैनिकांसाठी नव्हती, पेशव्यांसाठीही नव्हती. सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांसाठी, पालिकेच्या पैशातून केलेली. काका वर्षातून दोनदा खडकीहून इथे यायचे. मित्र पुढे दांडीवर, काकू मागे कॅरिअरवर. चौकात पोलीस दिसला की काकू उतरून चालायच्या, चौक ओलांडला की परत बसायच्या. इथे येऊन भेळ, फुलराणी, गणपती आणि परत. मित्राला त्यातलं फक्त एवढंच आठवतं की दांडीवर बसून पाय बधिर व्हायचे.

रविवारची सुट्टी, पोचायची सायकल, सगळ्यांची बाग. लोखंड्यांनी मागितलेला दिवस म्हणजे हाच असणार.

मग सायकली गेल्या कुठे?

एक कारण स्कूटर, ते झालंच. दुसरं कारण अंतर. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. शहर पेठांबाहेर पडायला लागलं होतं, त्याला वेग आला. मग पिंपरी-चिंचवडचे कारखाने, मग कोथरूड, मग आयटी आणि हिंजवडी. घर ते काम हे अंतर तीन किलोमीटरवरून वीसवर गेलं. तिसरं कारण रस्ता. गाड्या वाढल्या, वेग वाढला, उड्डाणपूल आले आणि सायकलवाला कडेला, मग गटाराच्या झाकणावर, मग घरी.

महापालिकेने सायकल ट्रॅक केले. २०१७ मध्ये शहराचा अख्खा सायकल आराखडा मंजूर झाला. त्याच डिसेंबरात ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली आल्या, आणि दोनेक वर्षांत गायबही झाल्या. ट्रॅक आहेत, पण तुकड्यातुकड्यात. इंजिनिअर आहे म्हणून माझ्या भाषेत सांगतो: नोड आहेत, एज नाहीत. ग्राफ जोडलेलाच नसेल तर कुठलाही अल्गोरिदम तुम्हाला घरून बागेपर्यंत पोचवू शकत नाही. आमच्या पंचवीस किलोमीटरमध्ये ट्रॅकवर आम्ही जेमतेम होतो, आणि जिथे होतो तिथे पार्क केलेल्या गाड्या होत्या.

‘नेदरलँड्सचं काय, ते सपाट आहे, त्यांची संस्कृतीच तशी,’ असं कुणीतरी म्हणतंच. नाही. तिथेही १९५० आणि ६० च्या दशकात गाड्यांनी सायकली हुसकावल्या होत्या. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेहून अधिक मुलं. आई-बाप रस्त्यावर उतरले, त्यांच्या चळवळीचं नावच होतं ‘मुलांच्या हत्या थांबवा’. १९७३ च्या तेल टंचाईत सरकारने काही रविवार गाड्या बंद ठेवल्या आणि लोकांना मोकळा रस्ता कसा असतो ते दिसलं. त्यानंतर वर्षानुवर्षं पैसे घालून ट्रॅक एकमेकांना जोडले. म्हणजे तिथेही कोणीतरी मागितलं, तेव्हा मिळालं.

मागून घ्यायचा आनंद

शेवटचा टप्पा, पु. ल. देशपांडे उद्यान. सगळे याला ‘जपानी बाग’ किंवा ‘ओकायामा’ म्हणतात. दहा एकरांची ही बाग जपानच्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून केली आहे. खडकवासल्याचा कालवा कडेने वाहतो, म्हणजे परत पाणीच. लाल-केशरी मासे, लहान पूल, टेकाडं. ‘गवतावर जाऊ नये’ची पाटी आणि शिट्टी मारणारे काका मात्र अस्सल पुण्याचे.

मूळची कोराकुएन बाग इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ मध्ये करायला घेतली, १७०० मध्ये पूर्ण झाली. ती सरदाराची खाजगी बाग होती. १८७१ मध्ये तिला कोराकुएन हे नाव मिळालं, आणि १८८४ मध्ये ती सरकारकडे जाऊन सगळ्यांना खुली झाली. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तिचं बरंच नुकसान झालं, मग जुनी चित्रं आणि नकाशे बघून ती पुन्हा उभी केली. १८८४, म्हणजे ज्या वर्षी लोखंडे मुंबईत सुट्टीसाठी सह्या गोळा करत होते, त्याच वर्षी ओकायामात सरदाराच्या बागेचं दार उघडलं. निव्वळ योगायोग, पण मला आवडला.

आणि त्या नावाचा अर्थ काय? साधारणपणे ‘मागून घ्यायच्या आनंदाची बाग’. त्यामागे एक जुना चिनी विचार आहे: राज्य करणाऱ्याने लोकांची काळजी सगळ्यांच्या आधी करावी आणि आनंद सगळ्यांच्या मागून घ्यावा. मी हे सांगितलं तेव्हा ‘पाच मिनिटं’वाला मित्र म्हणाला, “आमच्याकडे उलटंय. मॅनेजर महाबळेश्वरला आणि आम्ही झाडाखाली.” सगळे हसलो, पण त्याने फोन तिथेच बंद करून बॅगेत टाकला. अंधार पडेपर्यंत काढला नाही. सर्व्हर जगला.

तर मंडळी, मला या दिवसातून काय मिळालं ते सांगतो. काकांसारख्यांनी पुन्हा पिंपरीपर्यंत पायडल मारावं असं मला वाटत नाही. पण आपल्या दोन-तीन किलोमीटरच्या कामांना, शाळेला, भाजीला, बागेला न घाबरता सायकलने जाता यावं, एवढी मागणी फार नाही. सुट्टीच्या दिवशी फोन न उचलणं हा उद्धटपणा नाही, त्यासाठी लोकांनी सहा वर्षं भांडण केलंय. आणि बाग ही शोभेची वस्तू नाही. ज्याच्या घराला गॅलरीसुद्धा नाही, त्याची ती बैठकीची खोली आहे. नदीकाठी, टेकडीवर काहीही नवीन होतंय असं कळलं की आमचा फाटकावरचा प्रश्न विचारत जा: हे कोणासाठी?

या आठवड्यात एक काम करा. घरातल्या मोठ्यांना विचारा, तुमची पहिली सायकल कुठली, कितीला घेतली आणि तिच्यावरून सगळ्यात लांब कुठे गेला होतात. त्यांचं उत्तर रेकॉर्ड करा आणि व्हॉइस नोट आम्हाला पाठवा. परवानगी असेल तर पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये ऐकवू. आणि हो, काकांचा पंप अजून माझ्याकडेच आहे, उद्या नेऊन देतो. भेटू पुढच्या रविवारी. तोपर्यंत हवा चेक करा, आणि फोन थोडा वेळ बंद ठेवा. अर्थात, हा एपिसोड संपल्यावर!